घरच्यांना वर्गात कसं ओढावं: पालकसभेपासून आनंद बाजारापर्यंत

वर्गात तीस मुलं असतील तर पालकसभेला सात-आठ जण येतात, आणि त्यातले पाच दर वेळचेच असतात. बाकीच्यांना शाळेची आस्था नाही असं म्हणून आपण मोकळे होतो. पण त्यांच्या घरी गेलेली चिठ्ठी एकदा काढून वाचावी: ‘अमुक तारखेला दुपारी दोन वाजता पालकसभा आयोजित केली आहे, तरी सर्वांनी उपस्थित राहावे.’ ऐन सोयाबीन काढणीत दुपारी दोनला यायचं म्हणजे अख्ख्या दिवसाचा रोज बुडवायचा. येऊन मागच्या सतरंजीवर बसायचं, तासभर भाषण ऐकायचं आणि जाताना पोराची तक्रार घेऊन जायचं. एवढ्यासाठी कुणी का यावं?

चिठ्ठीतली वेळ शाळेच्या सोयीची असते आणि येणाऱ्या माणसाला करायला काहीच नसतं. पुढचं सगळं या दोन दुखण्यांवरचं आहे. समोर धरली आहे ती पहिली ते चौथीची, गावातली किंवा लहान शहरातली मराठी शाळा.

आधी एक वही

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत दोनशे पानी वहीत प्रत्येक मुलाला एक पान द्यावं. प्रवेश अर्जातली माहिती पुन्हा उतरवू नये. तिच्यात कामाचं फार थोडं असतं. आपल्याला हवं ते वेगळं आहे. मुलाला शाळेत सोडायला कोण येतं? घरातला फोन दिवसभर कुणाच्या खिशात असतो आणि घरी किती वाजता येतो? कामावर जायची वेळ कोणती, खाडा कोणत्या वारी असतो, आठवडी बाजार कधी? घरात कोणती भाषा बोलतात: गोरमाटी, पावरी, कोरकू, कानडी, उर्दू? कामासाठी गाव सोडतात का, कोणत्या महिन्यात? मुलाला कोणता पदार्थ बाधतो? आणि शेवटचा, सगळ्यात मोलाचा प्रश्न: घरात कुणाच्या हाताला काय येतं? शिवण, गवंडीकाम, ढोलकी, टोपल्या विणणं, सायकलचं पंक्चर, ओव्या, गोधडी, काहीही.

‘तुम्हाला वाचता येतं का?’ असं तोंडावर विचारू नये. माणूस ओशाळतो आणि पुन्हा फिरकत नाही. ‘शाळेची चिठ्ठी आली की घरात कोण वाचतं?’ असं विचारलं की उत्तर तेच मिळतं आणि कुणाचा मानही जात नाही. फॉर्म वाटून ही माहिती येत नाही. सकाळी मुलं सोडायच्या वेळी फाटकाजवळ उभं राहून रोज तीन-चार जणांशी बोललं तर पंधरवड्यात वही भरते. जे फाटकाशी येतच नाहीत त्यांच्या घरी जावं लागतं.

वेळ शेताच्या घड्याळावर

वही भरली की वर्षाचा कागद समोर घ्यावा आणि आधी नको असलेले आठवडे खोडावेत. कोकणात आणि मावळात जुलैची भातलावणी, मराठवाडा-विदर्भात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीन, त्याच्या मागोमाग कापूस वेचणी, नाशिककडे डिसेंबर-जानेवारीतली कांदालागण. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. अशी पाच-सहा मुलं वर्गात असतील तर महत्त्वाची पहिली सभा सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी. नंतर आजी-आजोबाच उरतात, आणि चिठ्ठीवर ‘आई-वडील’ लिहिलेलं असलं की तेही येत नाहीत. म्हणून चिठ्ठीत ‘घरचं कुणीही मोठं माणूस’ असंच लिहावं. आई किंवा वडील नसलेल्या मुलालाही मग ती चिठ्ठी बोचत नाही.

तासांचं म्हणाल तर मजुरीवर जाणाऱ्यांना सकाळची वेळ सोयीची पडते. शनिवारी शाळा सकाळची असेल तर साडेसात ते सव्वाआठ. संध्याकाळी साडेसहाला बाया चुलीपाशी असतात आणि काही पुरुष पिऊन येण्याची भीती असते. हे उघड बोललं जात नाही, पण वेळ ठरवताना लक्षात ठेवावं.

निरोप मुलाच्या हातचा

छापील चिठ्ठीपेक्षा मुलानं लिहिलेली चिठ्ठी चालते. चारच वाक्यं: कधी, मी काय दाखवणार, किती वेळ लागेल, काय आणायचं. उदाहरणार्थ:

‘आजी, शनिवारी सकाळी साडेसात वाजता आमच्या वर्गात ये. मी तुला माझ्या वहीतली गोष्ट वाचून दाखवणार आहे. पाऊण तास लागेल. काही आणायचं नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नये. शाळेनं बोलावलं की पैसे मागणार, हा धसका जुना आहे. चिठ्ठी बुधवारी द्यावी. सोमवारी दिली तर दप्तरात हरवते, शुक्रवारी दिली तर कामाची बोली आधीच झालेली असते. शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या गटावर अर्ध्या मिनिटाचा आवाजातला निरोप टाकावा, घरच्या भाषेत बोलणारी एखादी ताई वर्गात असेल तर तिच्या आवाजात. गट ‘फक्त ॲडमिन’वर ठेवावा. नाहीतर शुभ सकाळच्या फुलांखाली निरोप गाडला जातो.

पहिली सभा: चाळीस मिनिटं

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ नुसार मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांबद्दल पालकांशी नियमित भेटी घेणं हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे. शाळा व्यवस्थापन समिती ही वेगळी गोष्ट. ती त्याच कायद्याच्या कलम २१ ची, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला. परवानगी, खर्च आणि ठराव समितीकडे न्यावेत. वर्गाची सभा मात्र समितीच्या सभेला जोडू नये. जोडली की अध्यक्ष बोलतात, हार-तुरे होतात आणि मुलाची वही कुणी उघडत नाही.

सतरंज्या गोल अंथराव्यात. खुर्च्या ठेवल्या तर पुरुष खुर्चीवर आणि बाया दाराशी, हे ठरलेलं आहे. शिक्षकानंही खालीच बसावं. पहिली पंधरा मिनिटं प्रत्येक मूल आपल्या माणसाशेजारी बसून वही दाखवतं. शिक्षक फिरत राहतात आणि प्रत्येकाला मुलाची एकच चांगली गोष्ट सांगतात, तीही नेमकी: ‘हातच्याची वजाबाकी आता चुकत नाही.’ ‘हुशार आहे’ हे ऐकून कुणाला काही कळत नाही. ज्याचं माणूस आलेलं नाही त्याच्याशेजारी शाळेची स्वयंपाकीण ताई किंवा दुसऱ्याची आजी बसवावी, आणि हे आदल्या दिवशीच ठरवावं. पुढची दहा मिनिटं शिक्षकांनी बोलावं. नंतरची दहा मिनिटं वर्षभरातल्या कामांची यादी वाचून कोण काय करेल ते लिहून घ्यावं. शेवटची पाच पुढच्या तारखेसाठी. कुणाचेही गुण, हजेरी किंवा फी सगळ्यांसमोर काढायची नाही. एका बापाला एकदा चारचौघांत ऐकवलं की ते घर वर्षभर तुटतं.

कामं वाटताना ‘कोण मदत करणार?’ असं विचारलं तर खाली माना जातात. वही उघडून नावानं आणि मापानं मागावं: ‘दादा, मैदानावर चुन्यानं आखणी करायची आहे, शुक्रवारी पाच ते सहा, चार माणसं लागतील.’ पुरुष मंडळींना बोलायला नको असतं, पण पहार-दोरी हातात द्या, हजर होतात.

हातात हत्यार असलेला पाहुणा

मोठ्या कार्यक्रमाआधी महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी कुणाला तरी तासाला बोलवावं. पंचवीस मिनिटं पुरतात: पाच मिनिटांत मूल आपल्या माणसाची ओळख करून देतं, दहा मिनिटं काम बघायचं, दहा मिनिटं मुलांनी हात लावायचा. ‘तुमच्या व्यवसायाबद्दल माहिती सांगा’ असं म्हटलं की माणूस खांबासारखा उभा राहतो. गवंडी आला तर त्यानं ओळंबा, गुण्या आणि थापी आणायची, बोलायचं नाही. ओळंब्याची दोरी वर्गाच्या भिंतीला लावली की भिंत सरळ आहे की कललेली हे मुलं स्वतःच सांगतात, आणि गुण्यानं पुस्तकाचा कोपरा तपासतात. काटकोन शिकवायला याहून काय हवं! शिवणाऱ्या मावशीच्या टेपवर एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात. तिसरीच्या मापनाला तेवढी एक टेप तासभर पुरते. मुलांनी प्रत्येकी एक प्रश्न आदल्या दिवशी लिहून ठेवावा, त्यातले तीन निवडावेत. नाहीतर ‘तुमचं नाव काय’ हेच तीनदा विचारलं जातं.

आनंद बाजार

आनंद बाजार म्हणजे मुलांनी शाळेतच दुकानं मांडून खाऊ आणि वस्तू विकायचा दिवस. घरची माणसं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात खुशीनं येतात ती इथं. बिघडतोही हाच कार्यक्रम सगळ्यात जास्त. हॉटेलातून आणलेले वडे, आयांनी केलेली विक्री आणि बाजूला मोबाइल बघत उभी पोरं, असा बाजार पुष्कळ ठिकाणी दिसतो. तो टाळायचा तर महिनाभर आधी लागावं.

संक्रांतीनंतरचा, २६ जानेवारीच्या आधीचा शनिवार सोयीचा. थंडीत अन्न लवकर उतरत नाही, आणि बोरं, हरभऱ्याचे डहाळे, पेरू, ऊस, गाजरं घरातून किंवा बांधावरून येतात. बालदिनाला पुष्कळदा दिवाळीची सुट्टी असते किंवा ती नुकतीच संपलेली असते, तयारीला वेळ मिळत नाही.

छत्तीस मुलं धरली तर तिघांचं एक दुकान, बारा दुकानं. एका दुकानाचं भांडवल जास्तीत जास्त १५० रुपये, एका वस्तूची किंमत ५ किंवा १० रुपये. ही मर्यादा सभेत पालकांसमोर ठरवावी, फळ्यावर लिहावी, आणि ती मोडणाऱ्याला गोड शब्दांत परत पाठवावं. मर्यादा नसली की एका घराचा केक येतो आणि शेजारच्या पोराची बोरं कुणी बघत नाही. बारांपैकी तीन दुकानं बिनभांडवली ठेवावीत: रद्दीच्या पिशव्या, जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांची छोटी डायरी, रोपं. पिशव्यांच्या दुकानाला बाकीची दुकानंच गिऱ्हाईक होतात. उत्कृष्ट दुकानाला बक्षीस ठेवू नये. बक्षीस लागलं की स्पर्धा घराघरांत सुरू होते आणि मुलं बाजूला पडतात.

दोन आठवडे आधी हिशेबाचा तास घ्यावा, घरच्यांसकट. भेळेचं दुकान धरू. पंचवीस बश्यांना चुरमुरे ६०० ग्रॅम, फरसाण ३०० ग्रॅम, कांदा अर्धा किलो, चिंच-गुळाची चटणी अर्धा लिटर, कोथिंबीर एक जुडी. म्हणजे एका बशीला २४ ग्रॅम चुरमुरे आणि २० मिलिलिटर चटणी. चमच्याचं माप घरी मोजून बघायला सांगावं, कारण पहिल्या दहा बश्यांत चटणी संपवणं हा ठरलेला प्रकार आहे. सामान १५० रुपयांत बसलं तर एक बशी ६ रुपयांना पडली. विकायची १० ला. पंधरा बश्या खपल्या की भांडवल सुटलं, पुढची प्रत्येक बशी नफ्याची. सगळ्या खपल्या तर १०० रुपये नफा, तिघांत वाटला तर ३३-३३ आणि एक रुपया उरतो. त्या रुपयाचं काय करायचं ते पोरांनाच ठरवू द्यावं. भाव अर्थात आपल्या गावचे घालावेत.

आता घरच्यांची कामं. चिरणं, तळणं, उकडणं घरी, मोठ्यांनी. विकणं, पैसे घेणं, लिहिणं शाळेत, मुलांनी. दुकानामागं एक मीटरवर रांगोळीची रेघ मारावी. मोठी माणसं रेघेच्या मागं. बोलून जे होत नाही ते ती रेघ करते. रेघेपलीकडून आई ‘अरे, सुट्टे दे की!’ ओरडेल, तेवढं चालायचंच.

जागेचं गणित असं: एका दुकानाला दोन मीटर, मध्ये एक मीटर वाट. बारा दुकानं एका रांगेत लावली तर ३५ मीटर लागतात. तेवढं मैदान नसेल तर तीन बाजूंना चार-चार लावावीत, मग प्रत्येक बाजू ११ मीटरची. चौथी बाजू मोकळी ठेवून तिथं पाणी आणि कचरा. सकाळचं ऊन विकणाऱ्यांच्या तोंडावर येणार नाही एवढं बघून तोंड ठरवावं.

बाजारात सर्वात आधी संपतात ते सुट्टे पैसे. प्रत्येक दुकानाला सुरुवातीला ५० रुपये द्यावेत: पाचची सहा नाणी, दहाची दोन. बारा दुकानांचे ६०० रुपये झाले. हे दोन दिवस आधी किराणा दुकानातून आणायचं काम एका पालकाचं. दुकानावर क्यूआर कोड नको. पैसे आले की नाही हे मुलाला दिसत नाही आणि हिशेब तिथंच मरतो. त्याऐवजी फाटकाशी सुट्ट्यांचं एक टेबल मांडावं. येणाऱ्यानं तिथं बसलेल्या पालकाच्या फोनवर पैसे पाठवावेत आणि नाणी घेऊन आत जावं. त्या टेबलाला वेगळे हजारभर रुपयांचे सुट्टे लागतात.

दोन-तीन पालकांना ‘पहिलं गिऱ्हाईक’ नेमावं. ५ रुपयांची बोरं घेऊन २० ची नोट द्यायची, ‘तीन बश्यांचे किती?’ विचारायचं, भाजीच्या दुकानात घासाघीस करायची. उत्तर यायला वेळ लागला तर थांबायचं, सांगायचं नाही. हे काम लाजऱ्या माणसालाही जमतं.

खाण्याबाबत मात्र भिडस्तपणा नको. मैदानावर गॅस, शेगडी, कढई आणायची नाही. पाणीपुरीचं पाणी उकळून गार केलेलंच, आणि खात्री नसेल तर पाणीपुरी वगळावी. ताक, उसळ, साबुदाणा त्याच सकाळी केलेलं. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, शाईमुळे ते घातक आहे. द्रोण-पत्रावळी घ्याव्यात. शेंगदाणा असलेल्या पदार्थावर तशी पाटी लावावी. काय, कुणाच्या घरून, किती वाजता केलं याची यादी एका कागदावर ठेवावी. कुणाला उलटी झालीच तर तो कागद लागतो. अंड्याचं चालेल का, हे सभेतच ठरवून टाकावं. मैदानावर ठरवायला गेलं की भांडण होतं. शंभर माणसांना अर्धा लिटरप्रमाणे ५० लिटर पाणी, म्हणजे वीसचे तीन जार. (शनिवारी उपास करणारे बरेच निघतात. साबुदाण्याचं दुकान पहिल्या अर्ध्या तासात रिकामं होतं.)

मांडणी आठला, बाजार पावणेनऊ ते साडेदहा, आणि मग पाऊण तास वर्गात हिशेब. हा पाऊण तास कुणाला उरकू देऊ नये. बाजार संपला की सगळे पांगतात आणि शिकण्याचा भाग वाया जातो. पाटीवर तीन ओळी: खर्च, विक्री, शिल्लक. शेजारी घरचं माणूस. त्यानं एकच प्रश्न विचारायचा: ‘हा आकडा कुठून आला?’ हमखास होणारी चूक म्हणजे सुरुवातीचे सुट्ट्यांचे ५० रुपये नफ्यात धरणं. डब्यात २३० निघाले तर विक्री १८० ची, आणि भेळेच्या दुकानाचा नफा ३०. ८० नव्हे. मुलं आधी रागावतात, मग डबा पुन्हा मोजतात. नफा मुलांचा, घरी जायचा. शाळेच्या विकासनिधीत तो घेणं आम्हाला पटत नाही. पुढच्या वर्षी मग तीच घरं हात आखडतात.

गॅदरिंगबद्दल थोडकं

इथं घर तुटतं ते कपड्यांच्या भाड्यावर. नाच ठरवायच्या आधी कपडे ठरवावेत, आणि ते घरात असलेलेच: आजीची नऊवारी, काकाचं उपरणं, सदरा. वहीतल्या शिवणवाल्या दोन मावश्यांनी आदल्या आठवड्यात एक दुपार दिली की लहान करणं, टाचणं होऊन जातं. प्रमुख पाहुणे आणि भाषणं मिळून वीस मिनिटांच्या वर जाऊ देऊ नयेत. लहान मुलांचे नाच आधी घ्यावेत, म्हणजे तान्हं बाळ घेऊन आलेल्या बाईला रात्री अकरापर्यंत ताटकळावं लागत नाही.

जे येत नाहीत

प्रत्येक कार्यक्रमानंतर त्याच वहीत खूण करावी: कोण आलं, काय केलं. दुसऱ्या दिवशी मुलानं घरच्या माणसाला दोन ओळी लिहाव्यात, त्यात नेमकं काम असावं: ‘तू पाण्याचे जार उचललेस.’ गटावर फोटो टाकताना घरच्यांना आधी विचारावं, आणि आलेल्यांचेच पन्नास फोटो टाकून न आलेल्यांना खिजवू नये.

सलग तीनदा ज्या पानावर खूण नाही, त्या घरी जावं. दिवेलागणीच्या आधी, दहा मिनिटांसाठी. हजेरीपत्रक न्यायचं नाही, मुलाचं एक चांगलं काम न्यायचं: चित्र, नाहीतर शुद्धलेखनाचं पान. का आला नाहीत, हे विचारायचं नाही. ‘तुम्हाला कोणती वेळ जमते?’ एवढंच विचारून ती वेळ वहीत लिहायची. कधी उत्तर येतं, ‘आम्हाला कुठं काय येतं?’ तेव्हा घरात नजर फिरवावी. दोरीवर गोधडी असते, कोपऱ्यात जातं असतं, दाराशी विणलेली कणगी असते. तिथल्या तिथं तासाचं आमंत्रण द्यावं.

ऊसतोडीहून परतणाऱ्यांसाठी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक लहानशी सकाळ राखून ठेवावी. साडेसात ते सव्वाआठ, मुलं वाचतील, घरची माणसं ऐकतील. आनंद बाजाराची उरलेली रोपं तेव्हा त्यांना द्यावीत. जानेवारीपासून पाणी घालून ती जगवायची पाळी मुलांमध्ये आधीच लावलेली असावी.